व्यवसाय : मजदूरी

रुग्ण पुरुष, वय अंदाजे 28. गाव अलीराजपूर जिल्ह्यातलं. तक्रार खोकला, चालताना दम, वजन उतरणं. क्षयाचे उपचार याआधी दोनदा घेतलेले, दोन्ही वेळा पूर्ण. थुंकीत जंतू एकदाही सापडलेले नाहीत. व्यवसाय : मजदूरी.

हा केसपेपर सुमारे पंधरा वर्षांपूर्वीचा, इंदूरच्या एका धर्मादाय रुग्णालयातला. त्यातली शेवटची ओळ ज्याने खोडून पुन्हा लिहिली तो माझा मित्र, छातीच्या विकारांचा डॉक्टर, गेल्या पौषात गेला. पहाटे झोपेतच गेला. चहाला उठवायला गेलेल्या वहिनींच्या हाताला अंग गार लागलं.

रामबागेत शोकसभा झाली. इंदूरची निम्मी मराठी मंडळी आली होती, आणि मागच्या ओळींत उभी असलेली कितीतरी माणसं अशी होती की त्यांना तिथलं एक अक्षर कळत नव्हतं. बोलणारे सगळे म्हणाले, देवमाणूस होता. मीही मान हलवली. घरी आल्यावर मात्र तो शब्द मला बोचत राहिला. एखाद्याला देवमाणूस म्हटलं की त्याने नेमकं काय केलं हे सांगायचं राहूनच जातं. जणू तो चांगुलपणा जन्माबरोबर आला आणि त्याला त्यासाठी काही करावंच लागलं नाही. मी त्याला अठराव्या वर्षापासून ओळखत होतो, इंदूरच्या एम.जी.एम. मेडिकल कॉलेजात आमची एकच बॅच. तो जे करायचा ते कष्टाचं होतं, वेळखाऊ होतं, आणि दुसऱ्याला शिकता येण्याजोगं होतं. म्हणून एकच प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत, आमच्यात लिहितात तसं, लिहून काढतो आहे. त्यात एक चूक माझी आहे. ती गाळली तर पुढचं काहीच कळणार नाही.

पहिली फिल्म

मी रेडिओलॉजिस्ट. दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसून दुसऱ्यांच्या छात्या आणि हाडं बघणं हे माझं काम. तेव्हा आमच्याकडे अजून जुन्या पद्धतीच्या फिल्म होत्या, डार्करूममधून धुऊन क्लिपला टांगलेल्या, कधी कधी थेंब गळत असतानाच व्ह्यू बॉक्सवर चढणाऱ्या. प्रत्येक फिल्मसोबत एक चिठ्ठी यायची. नाव, वय, ‘खांसी, 3 महीने’, खाली सही. एवढ्यावर मी रिपोर्ट लिहायचो.

या माणसाची पहिली फिल्म माझ्यासमोर जूनमध्ये आली. दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागांत डाग. मी लिहिलं, ‘दोन्ही अपर झोनमध्ये इन्फिल्ट्रेट्स, कॉक्सची शक्यता.’ आम्ही डॉक्टर लोक क्षयाला कॉक्स म्हणतो. रॉबर्ट कॉखने 1882 मध्ये क्षयाचा जंतू शोधला, त्याच्या नावावरून. रुग्णासमोर टीबी हा शब्द उच्चारायला लागू नये म्हणून ही रीत पडली असावी. आपल्या देशात अपर झोनच्या डागाला कॉक्स म्हटलं की ते बहुतेक वेळा बरोबरच निघतं. खरा धोका त्यातच आहे. बरोबर निघण्याची इतकी सवय होते की हात मेंदूच्या आधी लिहून मोकळा होतो.

त्या रिपोर्टवर दुसऱ्या एका युनिटने उपचार सुरू केले. आधी एक कोर्स झालेला असल्यामुळे त्या वेळच्या नियमाप्रमाणे कॅटेगरी दोन. आठ महिने औषधं, आठवड्यातून तीनदा, आणि पहिले दोन महिने स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन. माझा मित्र तेव्हा वडिलांच्या आजारपणामुळे रजेवर होता.

मार्चमध्ये, भगोरियाचे हाट, म्हणजे होळीआधीचे आदिवासी बाजार, आटोपले आणि इंदुरात रंगपंचमीच्या गेरची, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीची, तयारी सुरू झाली, तेव्हा हा माणूस परत आला. दिवाळीनंतर मजुरीला बाहेर गेलेली माणसं भगोरियाला आणि होळीला गावी परततात. त्यामुळे झाबुआ-अलीराजपूरचे रुग्ण आमच्याकडे त्याच दिवसांत जास्त दिसायचे. हा मात्र त्या वर्षी कुठे गेलाच नव्हता. जाण्याचं बळच नव्हतं. आठ महिने एकही गोळी न चुकवता घेतली होती. दम वाढला होता. वर आता कानात सतत भुंगा वाजत होता, आणि उभा राहिला की तोल जात होता. स्ट्रेप्टोमायसिन आतल्या कानाला इजा करतं हे विद्यार्थीदशेत पाठ केलेलं वाक्य आहे. या माणसाच्या बाबतीत त्या इजेला लागणारं कारण मी जूनमध्ये एका ओळीत लिहून दिलं होतं.

हातांनी करून दाखव

त्या दिवशी दुपारी अडीचच्या सुमाराला माझ्या खोलीचं दार उघडलं. मित्र रॅम्पवरून व्हीलचेअर स्वतः ढकलत वर आला होता. चेअरवर हा माणूस. डोक्याला गमछा, पायात रबरी चपला, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली जूनची फिल्म.

“जरा दिवा लाव,” मित्र म्हणाला.

मी दिवा लावला. त्याने स्टूल ओढलं आणि रुग्णाच्या समोर न बसता शेजारी बसला. त्याची ही जुनी सवय. समोर बसलं की तपासणी होते, शेजारी बसलं की बोलणं होतं, असं तो ज्युनिअर मुलांना सांगायचा.

“भाई, काम क्या करते थे?”

“मजदूरी.”

“किस चीज की?”

“पत्थर की.”

“खदान में?”

“नहीं साब. कारखाने में. गोधरा तरफ.”

“वहाँ तुम्हारे जिम्मे क्या था? हाथ से करके दिखाओ.”

माणूस उठला. चेअरचे हात धरून दोन श्वास घेतले, मग सरळ झाला. गमछा सोडून नाकातोंडावरून घेतला आणि मागे गाठ मारली. डाव्या हाताने हवेत काहीतरी उघडं धरलं, पोत्याचं तोंड. वरून काही पडू लागलं तशी त्याने मान वळवली आणि डोळे बारीक केले. मग दोन्ही हातांनी ते पोतं उचलून जमिनीवर आपटलं, एकदा, दोनदा, तीनदा, आतला माल खाली बसावा म्हणून. तिसऱ्या आपटीनंतर तो हात डोळ्यांपुढे धरून तसाच उभा राहिला.

“रुके क्यों?” मित्राने विचारलं.

“फिर कुछ दिखता नहीं था, साब. थोड़ी देर रुकना पड़ता था.”

खोलीत फक्त व्ह्यू बॉक्सच्या ट्यूबलाइटची गुणगुण. माणूस घामेजला होता. मित्राने त्याला खांद्याला धरून बसवलं, पाणी दिलं. पावडर कशी होती, विचारलं. आट्यासारखी पांढरी, आट्याहून बारीक. किती दिवस काम केलं? दिवाळीनंतर गेलो, भगोरियाला आलो, असे दोन हिवाळे. आणखी कोण होतं? घरवाली. भाऊ. फळियातले, म्हणजे पाड्यावरचे, आणखी काही.

मग आम्ही दोघांनी दोन्ही फिल्म शेजारी शेजारी लावल्या, जूनची आणि मार्चची. मित्र काहीच बोलला नाही. त्याला बोलायची गरजही नव्हती. मला जूनमध्येच दिसायला हवं होतं ते आता दिसत होतं. डाग दोन्ही बाजूंना जवळपास सारखे होते. क्षय इतका समतोल सहसा राखत नाही. एका बाजूला जास्त धरतो, पोकळी करतो. इथे छोटे गोल ठिपके होते, बहुतेक दोन-तीन मिलिमीटरचे, वर आणि मध्यभागी दाट, खाली विरळ. मार्चच्या फिल्ममध्ये ते एकमेकांना चिकटून मोठे व्हायला लागले होते, आणि फुप्फुसांच्या मुळाशी गाठी फुगल्या होत्या.

सिलिकोसिस. गारगोटीचा, म्हणजे क्वार्ट्‌झचा, दगड दळला की जी धूळ उडते ती जवळजवळ निव्वळ सिलिका असते. तिचे पाच मायक्रॉनहून लहान कण नाकाच्या केसांत अडकत नाहीत, गमछ्यात अडकत नाहीत; थेट वायुकोशांत जाऊन बसतात. तिथल्या संरक्षक पेशी त्यांना गिळतात आणि मरतात. मेलेल्या पेशीतून कण पुन्हा मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते, तीही मरते. प्रत्येक वेळी थोडा व्रण राहतो. म्हणून काम सोडल्यावरही आजार चालूच राहतो. खाणीत थोडी थोडी धूळ खाणाऱ्याला हे व्हायला दहा-वीस वर्षं लागतात. बंदिस्त शेडमध्ये पोती भरणाऱ्याला काही महिने पुरतात.

आणि या आजाराच्या निदानासाठी फुप्फुसाचा तुकडा काढावा लागत नाही. धुळीतल्या कामाचा इतिहास, एक्स-रे, आणि दुसरा कुठला आजार नाही याची खात्री, या तीन गोष्टी पुरतात. म्हणजे निदानाचा एक तृतीयांश भाग ‘व्यवसाय’ या रकान्यात असतो. तिथे आम्ही ‘मजदूरी’ लिहून पुढे गेलो होतो.

मी म्हणालो, “जूनचा रिपोर्ट माझा आहे.”

“मला माहीत आहे,” तो म्हणाला. “सही बघितली मी. पण तुझ्यापुढे काय आलं होतं? खोकला, तीन महिने. चिठ्ठी आमच्या ओपीडीची होती. ओपीडीने विचारलं नाही, तर तुला स्वप्न पडणार का?”

हे त्याचं औदार्य होतं. आज ते प्रकरण लिहिताना मी ते तसंच स्वीकारणार नाही. ठिपके गोल होते, दोन्ही बाजूंना होते, थुंकी निगेटिव्ह होती आणि एक कोर्स वाया गेलेला होता. एवढ्यावर मी फोन उचलून ‘हा करतो काय?’ असं विचारायला हवं होतं. माझ्या खोलीत फोन होता.

शिक्का

तिसऱ्या दिवशी तो एक रबरी शिक्का आणि जांभळ्या शाईचं पॅड घेऊन आला. राजवाड्याजवळच्या दुकानातून स्वतःच्या पैशाने बनवून घेतलेला. तीन ओळी :

क्या काम?
कहाँ?
कितने महीने?

छातीच्या एक्स-रेच्या प्रत्येक चिठ्ठीवर हा शिक्का मारायचा आणि तिन्ही ओळी भरल्याशिवाय फिल्म काढायची नाही, असं त्याने एक्स-रेच्या काउंटरवर सांगितलं. व्यवस्थापनाची परवानगी त्याने नंतर घेतली. पहिले काही दिवस रांग लांबली, लोक चिडले, ज्युनिअर मुलं कंटाळली. ‘गृहिणी’ लिहून आलेल्या बाईला तो पुन्हा विचारायचा, चूल की गॅस? शेण थापता? बिड्या वळता? ‘शेती’ म्हणणाऱ्याला, कापसाच्या जिनिंगला जाता का? हळूहळू काउंटरवरचा कारकूनच हे प्रश्न विचारायला लागला, आणि त्याला उत्तरं जास्त मिळायची, कारण तो डॉक्टर नव्हता.

बर्तन

आता रुग्णाकडे येतो. मित्राने त्याला आठवडाभर दाखल करून घेतलं. थुंकीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघण्याची चाचणी, लावलं, कारण सिलिकोसिस असलेल्या माणसाला क्षय होण्याचा धोका इतरांपेक्षा अनेक पट जास्त असतो, आणि ‘सिलिकोसिस आहे म्हणजे क्षय नाही’ असं म्हणणं ही माझ्या चुकीचीच उलटी बाजू झाली असती. त्या काळी ते कल्चर वाढायला सहा-आठ आठवडे लागायचे. ते निगेटिव्ह आलं. बोटाला ऑक्सिमीटर लावून त्याला कॉरिडॉरमध्ये सहा मिनिटं चालवलं. मित्र त्याच्या मागे दोन पावलांवर चालत होता. पुढे चाललं तर रुग्ण डॉक्टरला गाठायला धावतो आणि आकडा खोटा येतो, हे त्याचंच निरीक्षण. सुरुवातीला ऑक्सिजन 94 होता, चौथ्या मिनिटाला 86 झाला. तिथे त्याने त्याला बसवलं.

मग सांगायची वेळ आली. मी मुद्दाम थांबलो होतो. तोपर्यंत बायको आली होती, कडेवर दोनेक वर्षांचं पोर. ती वॉर्डाच्या दाराशीच उभी राहिली, आत येईना. मित्राने तिला बोलावून खाटेवर बसवलं. त्याने जे सांगितलं ते मला बहुतेक शब्दशः आठवतं, कारण वाईट बातमी इतक्या कमी शब्दांत कुणी दिलेली मी त्याआधी ऐकली नव्हती.

“ये टीबी नहीं है. किसी को लगेगा नहीं. पत्थर का चूरा अंदर बैठ गया है, वो निकलेगा नहीं. उसे निकालने की दवा किसी के पास नहीं, बंबई में भी नहीं. इसलिए खेत मत बेचना. सांस की दवा मैं दूँगा. बीड़ी छोड़नी है, और उस काम पर वापस नहीं जाना है. घर से कोई नहीं जाएगा.”

‘खेत मत बेचना’ हे वाक्य आमच्या पुस्तकांत कुठेच नाही. पण त्या भागातल्या आजारी माणसाच्या घरात पुढे काय होतं ते त्याला ठाऊक होतं. आधी बकऱ्या जातात, मग चांदी, मग जमीन, आणि शेवटी माणूस.

बायको काही बोलली नाही. माणूस बऱ्याच वेळाने म्हणाला, “दो साल से मेरे बर्तन अलग हैं.”

“आज से साथ में,” मित्र म्हणाला.

“बच्चे को ले सकता हूँ?”

मित्राने उत्तर दिलं नाही. उठला, बाईच्या कडेवरून पोर घेतलं आणि बापाच्या मांडीवर ठेवलं. पोराला बापाची ओळख नव्हती. ते रडायला लागलं. बाप तोल सांभाळत, दोन्ही हातांनी त्याला धरून बसून राहिला.

मी माझ्या खोलीत परत गेलो. जूनमध्ये एका ओळीने मी त्याच्या कानाचं नुकसान केलं, एवढाच माझा हिशेब होता. भांड्यांचा आणि पोराचा हिशेब मी धरलाच नव्हता.

कागद

निघताना मित्राने त्याला औषधांबरोबर बारा पोस्टकार्डं दिली. तेव्हा पन्नास पैशांना एक. प्रत्येकावर निळ्या शाईत स्वतःच्या घरचा पत्ता लिहिलेला. गावच्या मास्तरांकडून महिन्याला एक लिहून टाकायचं. दम वाढला का, ताप आला का, थुंकीत रक्त पडलं का, एवढंच. दोनशे किलोमीटर बसने येऊन रांगेत उभं राहण्यापेक्षा हे बरं, आणि जो खोकत रक्त टाकतो आहे त्याला मग रांगेत उभं राहावं लागायचं नाही. त्याचा निरोप आधी आलेला असायचा.

फळियातले बाकीचेही आले. एका रविवारी जीप भरून. मी टेक्निशियनला घरून बोलावलं, फिल्मचे पैसे आम्ही दोघांनी भरले. निम्म्याहून अधिक फिल्मवर तेच ठिपके होते, कुणाच्या जास्त, कुणाच्या नुकतेच सुरू झालेले. त्यात ती बायकोही होती.

या प्रकरणाचा जो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो इथून पुढचा आहे, आणि शोकसभेत त्याबद्दल कुणी बोललं नाही, कारण तो कुणी पाहिलाच नव्हता. मित्र रात्री जेवण झाल्यावर कागद लिहायचा. सिलिकोसिस हा तेव्हा लागू असलेल्या कारखाने अधिनियम 1948 च्या तिसऱ्या परिशिष्टातला आजार. कलम 89 प्रमाणे असा रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरने मुख्य कारखाना निरीक्षकांना विनाविलंब लेखी कळवायचं असायचं. हे आम्ही सगळे परीक्षेपुरतं शिकलो होतो. तो खरंच कळवायचा. प्रत्येक रुग्णासाठी एक अहवाल, कार्बन लावून तीन प्रती. एक निरीक्षकांना, एक रुग्णाला, एक स्वतःच्या लोखंडी कपाटात.

त्या अहवालातला कामाचा इतिहास तो रुग्णाच्या शब्दांत लिहायचा. आपल्या या रुग्णाच्या कागदावर ओळ होती, ‘बोरी तीन बार पटकने के बाद कुछ दिखता नहीं था, थोड़ी देर रुकना पड़ता था.’ मी म्हटलं होतं, “हे असं कशाला? ‘सिलिकाच्या धुळीशी तीव्र संपर्क’ लिही की.” तो म्हणाला, “ते मी लिहिलं तर ते माझं मत होईल. हे त्याने पाहिलेलं आहे.”

त्याचा अर्थ मला पुढे कळला. या मजुरांकडे नेमणुकीचं पत्र नसतं, हजेरीचं कार्ड नसतं. ठेकेदाराचं अर्धं नाव आणि मोबाइलचा बंद पडलेला नंबर, एवढाच पुरावा. त्या कारखान्यात हा माणूस होता हे सिद्ध करायचं कसं? भरपाईचा विषय निघण्याच्या कितीतरी आधी, तारीख घालून, एका डॉक्टरने लिहून ठेवलेला कामाचा इतिहास हा मग साधा केसपेपर राहत नाही.

अलीराजपूर, झाबुआ, धारच्या या मजुरांसाठी काही कार्यकर्ते गावोगाव फिरून मृतांच्या आणि आजाऱ्यांच्या याद्या करत होते. 2006 पासून सर्वोच्च न्यायालयात याचिका होती. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने 2010 मध्ये गोध्रा-बालासिनोरच्या क्वार्ट्‌झ कारखान्यांत काम करून मेलेल्या 238 जणांच्या कुटुंबांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याची शिफारस केली, आणि मे 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरात सरकारला ते देण्याचा आदेश दिला. मित्र कुठल्या संघटनेत नव्हता, कधी मोर्चात गेला नाही. ते काम करणाऱ्यांबद्दल त्याला फार आदर होता. आपलं काम कागद बिनचूक ठेवण्याचं, असं तो मानायचा.

त्या निकालानंतरच्या पावसाळ्यात आपल्या रुग्णाचा भाऊ आला. घरातला कागद छपराच्या गळतीत गेला होता, फिल्म एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. नियमाप्रमाणे दाखल रुग्णाचे कागद तीन वर्षं ठेवले की डॉक्टरची जबाबदारी संपते, आणि ती मुदत केव्हाच उलटली होती. मित्राने कपाट उघडलं. कार्बन प्रत होती, आणि मी काढून दिलेल्या जादा फिल्मही, ब्राऊन पाकिटात, मध्ये कोरा कागद घालून. भावाने ते पाकीट प्लास्टिकमध्ये बांधलं, शर्टाच्या आत सरकवलं आणि गंगवाल बस स्टँडची सिटी बस पकडायला निघून गेला.

रुग्ण स्वतः तोपर्यंत राहिला नव्हता. बारातली दहा पोस्टकार्डं आली. पहिल्या काहींवर दम तेवढाच असल्याचं होतं. सहाव्यावर मास्तरांनी स्वतःहून एक ओळ जोडली होती, लड़का अब इनके पास ही सोता है. दहाव्यावर तारीख आणि चार शब्द होते, मरीज शांत हो गया. ते कार्ड घेऊन मित्र माझ्या खोलीत आला, दिवा न लावता स्टुलावर बसला आणि बराच वेळ बसून राहिला. मीही फिल्म बदलली नाही.

काही नोंदी

तो सर्वगुणसंपन्न होता असं मी लिहिलं तर त्याला ते आवडणार नाही. त्याची ओपीडी दुपारी चारपर्यंत चालायची. सिस्टर उपाशी राहायच्या. इतक्या वेळात इतकेच रुग्ण का, अशी लेखी विचारणा त्याला एकदा झाली होती, आणि खरं सांगायचं तर त्या प्रश्नात काही तथ्यही होतं. बाहेर बसलेलेही आजारीच होते. ज्याला घाई करावी लागते तो वाईट डॉक्टर, असं त्याने मनाशी धरलं होतं, आणि तो घाई करणाऱ्या तरुण मुलांवर थोडा अन्याय होता. कलम 89 चा पहिला अहवाल त्याने पाठवला त्याआधीची काही वर्षं त्यानेही असे रुग्ण पाहिले असणार आणि कळवले नसणार. हे तो स्वतःच म्हणायचा.

स्वतःची छाती त्याने कधी कुणाला दाखवली नाही. शेवटच्या वर्षी जिने चढताना तो मधल्या वळणावर थांबायचा आणि भिंतीवरची सूचना वाचायचा. ती सूचना त्याने शेकडो वेळा वाचलेली होती. मी ते पाहत होतो. ‘तुला काय होतंय? करून दाखव’ असं मी त्याला विचारलं नाही. या प्रकरणातली ही माझी दुसरी चूक. तिला दुरुस्ती नाही.

आता चिठ्ठी संगणकावरून येते, फिल्म पडद्यावर दिसते. शिक्क्याला तिथे जागा नाही. तरी काउंटरवरचा तोच कारकून, आता निवृत्तीला आलेला, छातीच्या एक्स-रेची चिठ्ठी छापून काढतो आणि तिच्यावर शिक्का मारतो. रबराच्या कडा झिजल्या आहेत, ‘कहाँ’चा अर्धचंद्र उठत नाही.

गेल्या मंगळवारी अशी एक चिठ्ठी आली. वय 24, राहणार इंदूर. खोकला, चार महिने. शिक्क्याखाली कारकुनाच्या अक्षरात :

किचन के प्लेटफार्म काटना.
इंदौर.
22.

स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी हल्ली जो कृत्रिम क्वार्ट्‌झचा पाट वापरतात त्यात सिलिकाचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्याही वर असू शकतं. ग्रॅनाइटमध्ये ते त्याच्या निम्म्याहून कमी असतं, संगमरवरात तर फारच थोडं. पाणी न मारता कोरड्या कटरने हा पाट कापला की काय होतं ते ऑस्ट्रेलियाने पाहिलं आणि 1 जुलै 2024 पासून त्यावर बंदी घातली. आपल्याकडे तो घरोघरी बसतो आहे, आणि कापणारी मुलं विशी-पंचविशीची आहेत.

पडद्यावर दोन्ही बाजूंना, वरच्या भागात, अगदी बारीक ठिपके होते. मी रिपोर्टची खिडकी उघडली आणि तशीच ठेवली. दिवा लावला, खोलीला कडी घातली आणि रॅम्पने खाली ओपीडीत गेलो. मुलगा बाकावर टोकाला बसला होता, केसांच्या मुळाशी पांढुरकी पूड. मी स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसलो.

“कटर कैसे पकड़ते हो?” मी विचारलं. “हाथ से करके दिखाओ.”